महागडी औषधे : खर्चाचा भार कोठे हलका होऊ शकतो?

आपल्या अहवालात तपासलेले रुग्ण आणि पार पडलेल्या शस्त्रक्रिया यांची कोष्टके असतात. औषध मध्येच सोडून दिलेल्या रुग्णांचे कोष्टक मात्र नसते, कारण असे रुग्ण बहुधा पुन्हा रुग्णालयाची पायरी चढत नाहीत. हिर्डोशीच्या खोऱ्यातून किंवा तोरण्याच्या पायथ्याकडून येणाऱ्या कुटुंबाला शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच पेलावयाचा असतो. त्यासाठी भाऊबंद धावून येतात, प्रसंगी दुभते जनावर विकले जाते. औषधासाठी दरमहा कोण धावून येणार?

या प्रश्नाचे पहिले उत्तर म्हणजे शासनाची योजना. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आपला पुणे जिल्हा त्यांत नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली तेव्हा तो आला. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. आयुष्मान भारतसह तिचे संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत असून, ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या नागरिकांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मानचे कार्ड मिळते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुकानातून औषधे आणावीत, पावत्या जपाव्यात आणि मागाहून पैसे मिळवावेत, असे अनेक नातेवाईक धरून चालतात. योजना तशी नाही. तिच्यात अंगीकृत रुग्णालयातील ठरावीक उपचार रोख पैसे न भरता होतात. केमोथेरपीचे औषध त्या उपचाराच्या मंजूर रकमेतच धरलेले असते. म्हणून औषध विकत घेण्याआधी आरोग्यमित्राला भेटावे, नंतर नव्हे. घरी रोज घ्यावयाच्या गोळ्यांचा खर्च मात्र पुष्कळदा योजनेबाहेरच राहतो, आणि खरी ओढाताण तेथेच होते.

दुसरे उत्तर धर्मादाय रुग्णालयांकडे आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने ठरलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या असतात. तसेच देयकांच्या रकमेतील २ टक्के वाटा निर्धन रुग्ण निधीत जमा होतो. निर्धन रुग्णाच्या औषधांचा खर्च या निधीतून भागवता येतो. दुर्बल घटकातील रुग्णाला औषधांच्या खरेदी किमतीचा किमान निम्मा भाग भरावा लागतो. देणगीदारांनी ध्यानात घ्यावे की एखाद्या रुग्णाचे महागडे औषध वर्षभर चालले तर निधी लवकर आटतो. औषधासाठी म्हणून दिलेल्या देणगीचे मोल आम्हांस म्हणूनच अधिक वाटते.

तिसरे उत्तर औषधाच्या नावातच दडलेले आहे. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावरील इमॅटिनिब हे औषध ग्लिव्हेक या नावाने महिना सुमारे १ लाख २० हजार रुपयांस मिळत असे. भारतीय कंपन्यांचे तेच औषध ८ ते १० हजारांत मिळे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून ही सोय टिकली. असे औषध रोज व दीर्घकाळ घ्यावे लागते. महिनाभर सोडले तरी आजार उचल खाऊ शकतो. स्वस्त पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारण्यात कमीपणा नाही. मूळ नावाने चिठ्ठी लिहून घ्यावी आणि जनऔषधी केंद्रातही चौकशी करावी. मात्र दुकानदाराच्या सांगण्यावरून औषध परस्पर बदलू नये.

राहिली कागदपत्रे. शिधापत्रिकेवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, एवढ्या फरकानेही मंजुरी अडते. वाड्यावस्त्यांवरून तहसील कचेरीची एक खेप म्हणजे एक रोजगार बुडणे. निदान होताच आमच्या समाजसेवा विभागात शिधापत्रिका, आधार, उत्पन्नाचा दाखला आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन यावे. उत्पन्नाची मर्यादा शासन वेळोवेळी बदलते. गेल्या खेपेस नकार मिळाला असला तरी पुन्हा विचारावे.