मोरी बुजवू नकोस

कॉव्हेंट्री,
१२ ऑक्टोबर

चि. रेवा हिस अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी अंगणातली पानं ओढत होतो. एका दमात सांगितलंस : डाव्या दाराचं पॅनल खालून फुगलंय, रेक्झिन सुटलंय, नवीन मागवते, शनिवारी बसवते, रविवारी गाडी घेऊन निघते. तुझी मामी शेजारून म्हणाली, "ही तुमच्याच वळणावर गेली." मला तेव्हाच काळजी वाटली. हे फोनवर सांगून होणारं काम नव्हे, म्हणून पत्र लिहितोय. गॅरेजमध्ये समोर ठेव. ग्रीसची बोटं लागली तरी चालतील.

पहिली गोष्ट, अजून काही मागवू नकोस. तुझी १९७२ची एमजीबी तुझ्या ऑक्सफर्डच्या घरापासून जवळच, अ‍ॅबिंग्डनला जन्मली. १९६२ ते १९८० एवढ्या काळात जीटी धरून पाच लाखांहून जास्त एमजीबी तिथून बाहेर पडल्या, म्हणून आजही हिचा जवळजवळ प्रत्येक भाग विकत मिळतो. १९८८पासून तर अख्खी बॉडीच मूळ साच्यांवर नव्याने करून मिळते. ही सोय चांगली, पण तिच्यामुळे माणूस आधी पैसे मोजतो आणि मग दार उघडून बघतो. पॅनल फुगलं ते पाण्यानं. ते पाणी कुठून आलं आणि का साचलं हे कळल्याशिवाय नवीन बसवलंस, तर दोन हिवाळ्यांनी हाच फोन पुन्हा करशील.

आता काढायचं कसं ते. काच पूर्ण वर घे. सगळ्या बाजूंनी फोटो काढ. काचेचं हँडल कोणत्या कोनात उभं आहे तेही फोटोत येऊ दे, कारण त्याखालची दांडी दातेरी असते आणि नंतर ते कुठल्याही कोनात बसतं. अंड्यांचा रिकामा खोका घे आणि एका जागेचे स्क्रू एका खळग्यात टाक. आमच्या ट्रिम शॉपमध्ये मी तीस वर्षं रेक्झिन ओढलं. तिथले जुने कारागीर नव्या पोराची हुशारी त्याच्या हाताच्या वेगावर मोजत नसत, त्याच्या बाकावरचे स्क्रू कसे ठेवलेत ते बघत.

हँडल मधल्या एकाच स्क्रूवर असतं. दार ओढायची मूठ दोन स्क्रूंवर. आतल्या कडीभोवती प्लॅस्टिकची चौकट आहे, ती दोन तुकड्यांची. एक वर, एक खाली अशी हलक्या हाताने सोडव. पन्नास वर्षांचं प्लॅस्टिक आहे, थंडीत काचेसारखं तडकतं. खोलीतला हीटर दहा मिनिटं लावलास तर बिघडणार नाही. मग पॅनलच्या कडेनं बोट फिरव. काही ठिकाणी स्क्रू असतील, काही ठिकाणी आत स्प्रिंगच्या क्लिपा. पुस्तकात काय लिहिलंय त्यापेक्षा तुझ्या दाराला काय लावलंय ते बघ, कारण मधल्या मालकांनी हाताला लागेल ते लावलेलं असतं.

क्लिपा काढताना रंगावर फडकं ठेव आणि रुंद, चपटी पट्टी पॅनलमागे सरकव. अगदी क्लिपेच्या शेजारी जा आणि मग उचल. दोन क्लिपांच्या मधे पट्टी घालून जोर केलास, की क्लिप दारातच राहते आणि हार्डबोर्डाचा टवका तेवढा हातात येतो. सगळे इथंच चुकतात. वरची कड टॉप रेलखाली सरकवलेली असेल तर पॅनल अंगाशी ओढू नकोस, खाली घेऊन सोडव. आणि हातमोजे घाल. दाराच्या आतला पत्रा कोणी घासलेला नसतो, सुरीसारखा कापतो.

पॅनल निघालं की हातातलं सगळं खाली ठेव आणि चहा घे. खरंच सांगतो. आता पाच मिनिटं नुसतं बघायचं.

तिथं एक प्लॅस्टिकचा कागद असायला हवा. बहुतेक तो फाटलेला असेल किंवा कोणीतरी स्पीकर बसवताना कापून टाकला असेल. खाली दाराच्या तळाशी बारीक भोकं आहेत. ती दिसतात का बघ. दिसली नाहीत, तर रोग तिथं आहे.

दाराबद्दल बहुतेकांची समजूत उलटी असते. आपल्याला वाटतं, दाराने पाणी बाहेर ठेवायचं. काचेच्या तळाशी रबर आहे ना! पण काच खालीवर व्हायची तर ते रबर घट्ट कसं असणार? पाऊस काचेवरून ओघळतो, रबराला बगल देतो आणि दाराच्या पोटात उतरतो. नव्या कोऱ्या गाडीतही उतरतो. करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तळाला भोकं ठेवली आणि पॅनलच्या मागे कागद लावला. पाणी आत येणार हे धरून दार बांधलेलं आहे.

हे मला फार महाग पडून कळलं. इथं आल्यावर दुसऱ्या वर्षी मी जुनी एमजीबी घेतली. दाराखाली गंजाचे ओघळ दिसले. मी तळाची भोकं शोधली, मला वाटलं इथूनच पाणी शिरतंय, आणि सगळी सीलंटनं पक्की बुजवली. वर काळा रंग मारला. किती खूश झालो होतो! त्या हिवाळ्यात दार उघडलं की आतून घागरीसारखा डुचमळण्याचा आवाज यायचा. वसंतात दाराची खालची कड बोटानं दाबली, तर बोट आत गेलं.

मी ही हकीगत मोठ्या ऐटीत घरी कळवली, इंग्लंडच्या हवेला चार शिव्या घालून. राजापूरहून आप्पांचं एरोग्राम आलं. बाकी सगळं शेताचं आणि गुरांचं होतं, शेवटी एकच ओळ : "मोरी बुजवून घर कोरडं राहतं का रे?"

मला फार लाज वाटली. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तुझ्या ऑक्सफर्डला त्याच्या पाव हिश्श्याइतकाही नाही. त्या पावसात आपलं घर शंभर वर्षं उभं आहे, ते भिंती जाड म्हणून नाही. कौल कौलावर चढवलेलं, पन्हळीचं तोंड अंगणाकडे, मोरीला उतार, अंगणाला पागोळ्यांची चर. सगळी अक्कल पाण्याला घालवून देण्यात आहे. मी त्याच घरात वाढलो आणि इथं येऊन मोरीच बुजवली.

तेव्हा आधी भोकं मोकळी कर. मऊ तार घे, ड्रिल नको. आतला गाळ, पानं, गंजाची भुकटी ब्रशनं काढ, व्हॅक्यूम फिरव. मग पत्रा कोरडा होऊ दे, आणि इथल्या हवेत कोरडा म्हणजे एक अख्खी रात्र. कोकणातला पाऊस कोसळतो आणि ऊन पडलं की विसरून जातो. इथला पाऊस थोडा असतो, पण ओल जाता जात नाही, आणि गंज ओलीवर पोसतो. सुकल्यावर आतून, विशेषतः तळाच्या घडीत, मेण मार. पोकळीत फवारायचं मेण मिळतं, तेच. ते सुकलं की भोकांतून तार पुन्हा एकदा फिरव, नाहीतर मेणानंच मोरी बुजेल.

दार उघडंच आहे तर दोन गोष्टी बघून घे. काचेचं मशीन हातानं फिरव. त्याची चाकं ज्या पट्टीत सरकतात तिथलं जुनं ग्रीस वाळून खडा झालेलं असेल, ते पुसून नवीन लाव. आणि बाहेरून, त्रिकोणी काचेच्या मागच्या कोपऱ्याच्या खाली, दाराच्या पत्र्याला उभी भेग आहे का बघ. एमजीबीचं हे जुनं दुखणं आहे, ती काच जिथे बसते तिथे ताण साठतो. भेग दिसली तर लांबी भरून रंग मारू नकोस. भेग रंगाखाली चालतच राहते. चांगल्या वेल्डरकडे ने.

आता पॅनल. उलटं करून बघ. फक्त खालची दोन बोटं फुगली असतील आणि क्लिपांची भोकं शाबूत असतील, तर ते वाचेल. वजनाखाली सपाट दाबून सुकव. फाटलेल्या भोकामागे पातळ प्लायचा तुकडा इपॉक्सीनं चिकटव आणि भोक नव्यानं पाड. पण बोर्ड पापडासारखा सुटत असेल तर हट्ट करू नकोस. जुन्याचाच नमुना ठेवून तीन मिलिमीटरच्या चांगल्या प्लायवर नवीन काप. आधी बोर्डाला दोन्ही बाजूंनी आणि मुख्य म्हणजे कडांना वॉर्निश पाज. कारखान्याच्या घाईत हे होत नसे, तुला तेवढी घाई नाही.

रेक्झिन जुनंच निघालं तर उत्तम, त्याचा रंग गाडीबरोबर उतरलेला असतो. काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह दोन्हीकडे लाव, खिडकी उघडी ठेव, वास डोक्यात जातो. आणि थांब. बोट लावून चिकटपणा जाणवेनासा झाला की मगच टेकव. ओलं असताना टेकवलं तर सरकतं आणि फुगे धरतं. मधून सुरुवात कर, तळव्यानं बाहेर सारत जा. कडेला वळवताना गोलाईवर छोटे त्रिकोणी काप दे, म्हणजे मागे चुण्यांचा गठ्ठा होणार नाही. अडेल तिथे केसांचा ड्रायर फिरव. ओढ पुरेशी असली पाहिजे, पण इतकी नको की बोर्ड धनुष्यासारखा वाकेल. ही ओढ कागदावर लिहून सांगता येत नाही, ती दुसऱ्या पॅनलला तुला कळेल. म्हणून आधी प्रवाशाच्या बाजूचं कर. उजवीकडे तू बसतेस, ते दार रोज डोळ्यासमोर असतं.

बसवण्यापूर्वी नवीन कागद. जाड पॉलिथिन घे, कडेनं न वाळणारी सीलिंगची पट्टी लाव. एकच गोष्ट लक्षात ठेव : कागदाची खालची कड दाराच्या आत सोडायची, बाहेर लटकवायची नाही. कौलाचा नियम, वरचं पाणी पुढच्याच्या अंगावर पडलं पाहिजे. कागदावरून ओघळलेला थेंब दाराच्या पोटात पडावा आणि भोकातून रस्त्यावर जावा. कड बाहेर राहिली तर तोच थेंब पॅनलच्या पाठीवर येतो आणि तुझी सगळी मेहनत पाण्यात.

स्क्रू जुनेच वापर, नाहीतर त्याच लांबीचे घे. जुनं भोक सैल झालं म्हणून कोणीही लांब स्क्रू ठोकतो. काच खाली येते तेव्हा त्या स्क्रूचं टोक तिची वाटच बघत असतं.

आणि एक मामा म्हणून सांगतो. दार उघडल्यावर आधीच्या मालकाची कामं दिसतील : स्पीकरचं वेडंवाकडं भोक, चिकटपट्ट्या, कदाचित बुजवलेली मोरीही. त्याला हसू नकोस. त्यानं थंडीत, अंधारात, उद्या ऑफिसला जायचंय म्हणून ते केलं असेल. चूक त्याच्या हातांची नव्हती, गाडीला काय म्हणायचंय ते ऐकायला त्यानं वेळ काढला नाही एवढंच. तू तो काढ. रविवारची सहल पुढच्या रविवारी जाईल. डोंगर कुठं पळत नाहीत.

सगळं बसवलंस की पाच मिनिटांत होणारी एक परीक्षा आहे. काच वर घे, तांब्याभर पाणी घे आणि काचेवर बाहेरून सावकाश ओत. मग गुडघ्यावर बसून दाराखाली बघ. थोड्या वेळानं एकेका भोकातून थेंब पडायला लागतील. किती भोकांतून पडतात ते मोज आणि मला फोन कर. आप्पा असते तर त्यांनीही एवढंच विचारलं असतं.

आईला नमस्कार सांग. मामीने चकल्या केल्यात, येशील तेव्हा मिळतील.

तुझा,
मामा