अंड्यावरून उतरलेल्या कोंबड्यांचे पुनर्वसन

भीमा नदीच्या काठी वसलेला कलबुर्गी जिल्ह्यातील अफजलपूर तालुका ज्वारी व तुरीच्या पिकांसाठी आणि गाणगापूरच्या दत्तक्षेत्रासाठी प्रसिद्ध आहे. येथील व शेजारच्या अक्कलकोट भागातील ग्रामस्थांना अंगणातील गावरान कोंबडी परिचित आहे. मात्र आठवडे बाजारात स्वस्त विकल्या जाणाऱ्या, पिसे झडलेल्या, फिकट तुऱ्याच्या कोंबडीची माहिती फारशी नसते. ती व्यापारी शेडमधून अंड्यावरून उतरलेली कोंबडी होय. बहुधा तिची विक्री मांसासाठीच होते. तथापि काही कुटुंबे वा शाळा अशा मोजक्या कोंबड्यांना जीवदान देऊ इच्छितात. अशांनी कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शेडमधील जीवन

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ८५ कोटी १८ लाख कुक्कुट पक्षी होते. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातील, तर उर्वरित व्यापारी शेडमधील होते. अंड्यांसाठी पाळलेल्या व्यापारी कोंबड्या बहुतांशी तारेच्या पिंजऱ्यात असतात. तेथे एका कोंबडीच्या वाट्याला टंकलेखनाच्या एका कागदापेक्षाही कमी जागा येते. तिला पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही, दांडीवर बसता येत नाही. एकमेकींना टोचू नये म्हणून लहानपणीच चोचीचे टोक कापलेले असते.

ही कोंबडी अठरा ते वीस आठवड्यांची झाली की अंडी देऊ लागते व वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. गावरान कोंबडी वर्षाकाठी साधारण पन्नास ते सत्तर अंडी देते, हे लक्षात घेतले म्हणजे या श्रमाची कल्पना येईल. प्रत्येक अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. आहारातील कॅल्शियम पुरेनासे झाले की ते हाडांतून काढून घेतले जाते आणि हाडे पोकळ व ठिसूळ होतात. बहात्तर ते ऐंशी आठवड्यांच्या सुमारास, काही ठिकाणी त्याहून उशिरा, उत्पादन उतरले की कोंबडी बाद ठरते.

आणताना घ्यावयाची काळजी

१९८९ साली ब्रिटनमध्ये ग्रेगरी व विल्किन्स या संशोधकांनी कत्तलीसाठी आणलेल्या अशा कोंबड्यांची तपासणी केली. हाताळणी व वाहतुकीनंतर सुमारे २९ टक्के कोंबड्यांचे एक तरी हाड मोडलेले आढळले. म्हणून अशी कोंबडी पायाला धरून उलटी लटकावू नये. दोन्ही हातांनी पंख अंगाशी दाबून, पोटाखाली आधार देऊन उचलावी. पाय बांधून सायकलला टांगणे ही केवळ निष्काळजी नव्हे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्यास विनाकारण यातना होतील अशा रीतीने नेणे हा गुन्हा आहे. हवेशीर टोपली वा खोके वापरावे, तळाशी भुसा घालावा आणि पहाटे किंवा सायंकाळी प्रवास करावा.

डोळे मिटून बसलेली, नाकातून स्राव येणारी, हिरवट हगवण असलेली अथवा मान वाकडी झालेली कोंबडी आणू नये. ज्या शेडमध्ये मरतूक चालू आहे तेथून एकही पक्षी घेऊ नये.

पहिले एकवीस दिवस

नव्या कोंबड्यांना घरच्या गावरान कोंबड्यांत एकदम सोडणे ही सर्वांत मोठी चूक होय. मानमोडी अर्थात राणीखेत रोगाची लक्षणे दिसण्यास दोन ते पंधरा दिवस लागू शकतात. वरून निरोगी दिसणारा पक्षी साऱ्या गल्लीतील कोंबड्या गमावण्यास कारण होऊ शकतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हा कोंबड्या मोठ्या संख्येने नष्ट कराव्या लागल्या. म्हणून नव्या कोंबड्या किमान एकवीस दिवस स्वतंत्र खुराड्यात ठेवाव्यात. त्यांची भांडी वेगळी असावीत, घरच्या कोंबड्यांचे काम आधी उरकून मग यांच्याकडे जावे आणि नंतर हातपाय साबणाने धुवावेत. लस, जंताचे औषध व उवांवरील उपाय पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्यानेच करावेत. औषध चालू असताना अंडी किती दिवस खाऊ नयेत, तेही विचारून घ्यावे. एकाएकी अनेक पक्षी मेले तर ते उघड्यावर न टाकता दवाखान्यास त्वरित कळवावे.

खुराड्यात प्रत्येक कोंबडीस दोन चौरस फूट जागा द्यावी. जमिनीवर चार बोटे जाडीचा कोरडा भुसा पसरावा. बसण्याची दांडी आरंभी एक फुटाहून उंच असू नये; वर्षभर तारेवर उभ्या राहिलेल्या कोंबडीस उडी मारण्याचा सराव नसतो व पडल्यास हाड मोडते. पहिले काही दिवस ती एका कोपऱ्यात निश्चल बसली तरी तिला हुसकावू नये. आठवड्याभरात ती माती उकरू लागते आणि धुळीत लोळू लागते. ही प्रकृती सुधारल्याची खूण समजावी.

आहार

कापलेल्या चोचीला जमिनीवर विखुरलेले दाणे नीट टिपता येत नाहीत. म्हणून खाद्य खोलगट भांड्यात, थोडेसे ओलवून द्यावे व उरलेले ओले खाद्य त्याच दिवशी काढून टाकावे. शेडमध्ये मिळत होते तेच अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य प्रथम द्यावे आणि हळूहळू त्यात भरडलेली ज्वारी, तुरीची चुणी व हिरवा पाला मिसळावा. केवळ ज्वारीवर ठेवल्यास प्रथिने कमी पडतात व नवी पिसे येत नाहीत. शिंपल्यांचा चुरा वा चुनखडीची बारीक खडी वेगळ्या भांड्यात कायम ठेवावी. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड किंवा धान्य कधीही देऊ नये; त्यातील विषाने यकृत निकामी होते.

उन्हाळा व सहवास

या भागात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पिसे विरळ असलेल्या कोंबडीची कातडी उन्हाने भाजते. कडुनिंबाची सावली, खुराड्यावर ओले गोणपाट आणि दिवसातून तीन वेळा बदललेले थंड पाणी यांची व्यवस्था अवश्य करावी. कुत्रा, मुंगूस व मांजर यांना पाहून लपण्याची सवय या कोंबड्यांना नसते. त्यामुळे सांजवेळी त्या मोजून आत घ्याव्यात.

एकवीस दिवसांनंतर मध्ये जाळी ठेवून दोन्ही कळप आठवडाभर एकमेकांस दिसू द्यावेत. कोंबड्यांमध्ये मानपानाचा क्रम असतो व नव्या आलेल्यांना टोचणी सोसावी लागते. खाद्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवल्यास भांडणे कमी होतात. रक्त दिसल्यास मात्र त्या कोंबडीस तात्काळ वेगळे करावे.

अपेक्षा किती ठेवावी

दररोज सुमारे ११० ग्रॅम खाद्य धरल्यास एका कोंबडीस वर्षाला ४० किलो खाद्य लागते. शेडमधील सोळा तासांचा कृत्रिम प्रकाश बंद झाल्यावर अंडी कमी होतात; पिसे गळून नवी येईपर्यंत ती थांबूही शकतात. ही विश्रांती शरीरास आवश्यक असते. या जातीच्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणून पिलांची आशा धरू नये. अंडे अडकणे, पोटात पाणी होणे असे विकार पुढेही होतात आणि चांगली निगा राखूनही काही कोंबड्या लवकर दगावतात. ज्यांना उत्पन्नासाठी कुक्कुटपालन करावयाचे आहे त्यांनी गिरिराजा किंवा वनराजा यांसारख्या परसातील सुधारित जाती पाळाव्यात. पुनर्वसन हा धंदा नव्हे. तीन ते सहा कोंबड्यांपेक्षा अधिक भार घेऊ नये.

ब्रिटनमध्ये २००५ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट या संस्थेने घरोघरी अशा दहा लाखांहून अधिक कोंबड्या सांभाळावयास दिल्या आहेत. युरोपीय संघाने जुन्या पद्धतीच्या उघड्या पिंजऱ्यांवर १ जानेवारी २०१२ पासून बंदी घातली. आपल्याकडे विधी आयोगाने जुलै २०१७ मधील २६९ व्या अहवालात या प्रश्नाचा विचार केला.

सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे राज्यघटनेने नागरिकांचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. शिक्षकांनी शाळेच्या आवारात तीन कोंबड्यांची निगा विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास या कर्तव्याचा पाठ प्रत्यक्ष कृतीतून मिळेल. मात्र खुराडे तयार आहे, एकवीस दिवस वेगळे ठेवण्याची सोय आहे आणि सुटीत दाणापाणी कोण करणार हे ठरले आहे, याची खात्री झाल्यावरच पहिली कोंबडी घरी आणावी.