किल्ले धारूरचा खंदक

बीड जिल्ह्यात धारूर हे तालुक्याचे गाव आहे. एस. टी. च्या पाटीवर 'किल्ले धारूर' असे लिहितात, कारण गावाला लागूनच मोठा किल्ला आहे. तो बालाघाटच्या डोंगरावर आहे. चौथीच्या पुस्तकात आम्हाला शिवाजी महाराजांचे किल्ले आहेत, पण आपल्या जिल्ह्यातला हा किल्ला त्यात नाही. म्हणून गुरुजींनी त्याची माहिती तोंडी सांगितली. ती मी लिहीत आहे.

किल्ल्याचे प्रकार असतात. डोंगरावरचा तो गिरिदुर्ग. पाण्यातला तो जलदुर्ग. सपाट जमिनीवरचा तो भुईकोट. भुईकोटावर शत्रू चारी बाजूंनी येऊ शकतो, म्हणून त्याच्या भोवती खोल खंदक खणतात. नगरचा (आता अहिल्यानगर) भुईकोट असाच आहे. त्याच्या सगळ्या बाजूंनी खंदक आहे. १९४२ साली इंग्रजांनी पंडित नेहरूंना त्याच किल्ल्यात कैदेत ठेवले होते. धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्यालाही खंदक आहे.

जर्मनी देशातसुद्धा असे किल्ले आहेत. तिकडे त्यांना 'वासरबुर्ग' म्हणतात. हे वासरू नव्हे! त्यांच्या भाषेत 'वासर' म्हणजे पाणी आणि 'बुर्ग' म्हणजे किल्ला. फिशरिंग नावाचा असा एक किल्ला १२७१ साली बांधायला घेतला. तिथली जमीन सपाट आहे आणि पाऊसही बाराही महिने पडतो. त्यामुळे स्टेव्हर नदीचे पाणी किल्ल्याभोवती खेळवता आले. किल्ला तळ्यात उभा असल्यासारखा दिसतो. आत जायला पूल लागतो. पूल ओढून घेतला की शत्रू बाहेरच.

आपल्या बीडमध्ये एवढे पाणी कुठून आणायचे? म्हणून धारूरला वेगळी युक्ती केली. किल्ल्याच्या तीन बाजूंना खोल दऱ्या आहेत. तिकडून माणूस काय, शेळीसुद्धा सहज वर येत नाही. राहिली एकच बाजू, गावाकडची. तिथे जमीन सपाट आहे. तेवढ्याच बाजूला कातळात खंदक खणला. तीन बाजू देवाने राखल्या आणि चौथी माणसाने, असे गुरुजी म्हणाले. म्हणजे धारूर अर्धा गिरिदुर्ग आणि अर्धा भुईकोट आहे.

खंदक खणताना जो दगड निघतो तो वाया जात नाही. तोच घडवून भिंतीला लावता येतो. जेवढा खड्डा खोल तेवढी भिंत उंच. दगड काळा असतो आणि तो चुन्यात बसवतात. बुरूज गोल बांधतात. गोल बुरुजावर तोफेचा गोळा तिरपा लागला की निसटून जातो, आणि बुरुजावरच्या शिपायाला दोन्ही बाजूंची भिंत दिसते.

आता इतिहास. इ. स. १५६५ मध्ये विजापूरचा आदिलशहा आणि नगरचा निजामशहा यांनी दुसऱ्या सुलतानांबरोबर मिळून विजयनगरच्या राज्याशी लढाई केली. लढाई जिंकली, पण पुढे या दोघांचंच भांडण लागलं. आपल्याकडे बांधावरून भांडणं होतात ना, तसंच. आदिलशहाने आपला सरदार किश्वरखान याला पाठवले. त्याने १५६७ च्या सुमारास निजामशहाच्या मुलखात घुसून धारूरला किल्ला बांधला. दुसऱ्याच्या शेतात जाऊन घर बांधले तर तो गप्प बसेल का? थोड्याच वर्षांत मूर्तजा निजामशहा स्वतः फौज घेऊन आला. त्या लढाईत किश्वरखानाला बाण लागला आणि तो मेला. ज्याने किल्ला बांधला त्यालाच तो वाचवू शकला नाही. मला हे ऐकून वाईट वाटलं. या किल्ल्याला पुढे फतेहाबाद असेही नाव होते. फतेह म्हणजे विजय.

नंतर दिल्लीचे मोगल आले. शहाजहान बादशहाचा सरदार आझमखान याने १६३१ साली धारूरला वेढा दिला. किल्ल्यावर सिद्दी सालिम हा किल्लेदार होता. दऱ्यांच्या बाजूने जाणे शक्यच नव्हते. तेव्हा आझमखान गावाच्या बाजूने आला आणि स्वतः खंदकात उतरला. तिथे भिंतीत दगड-चुन्याने बुजवलेला एक लहान दरवाजा त्याला दिसला, असे बादशहाच्या इतिहासकाराने लिहिले आहे. शेवटी किल्ला मोगलांनी घेतला. जी बाजू माणसाने राखली होती तिकडूनच शत्रू आला.

ती वर्षं फार वाईट होती. १६३० साली पाऊस पडला नाही आणि १६३२ पर्यंत दक्षिणेत आणि गुजरातेत मोठा दुष्काळ पडला. माणसं अन्नावाचून मेली. गावं ओस पडली. त्याच दिवसांत फौजाही फिरत होत्या. शेतकऱ्यांनी कुणाला धान्य द्यायचं आणि स्वतः काय खायचं?

किल्ल्याच्या आत पाण्याचे तलाव आहेत. गोडी दिंडी आणि खारी दिंडी अशी त्यांची नावे आहेत. मला किल्ल्यातले सगळ्यात महत्त्वाचे हेच वाटते. बाहेर कितीही मोठा खंदक असला आणि आत प्यायला पाणी नसले तर किल्ला किती दिवस टिकेल? आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा घागरींची रांग लागते. माझी आजी म्हणते, "बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडली बाबा, पर पाण्यावाचून लई हाल झाले." जुन्या लोकांनी डोंगराच्या माथ्यावर पावसाचे पाणी अडवून ठेवले होते. चारशे वर्षांपूर्वी त्यांना जमले ते आपल्याला का जमू नये?

आता किल्ल्यावर राजा नाही, शिपाई नाही. पण माणसांपासून त्याला अजून भीती आहे. काही लोक जुन्या वास्तूंवर कोळशाने नावे लिहितात. काही जण घडीव दगड गोठ्याला नेतात. तलावात कचरा टाकतात. निजामशहाने आणि मोगलांनी किल्ला घेतला, पण त्यांनी तो खिशात घालून नेला नाही. दगड एकदा गेला की परत येत नाही. मित्रांनो, सहलीला किल्ल्यावर गेलात तर खंदक जरूर बघा, तलाव बघा, आणि काही न लिहिता, काही न टाकता परत या.

कठीण शब्दांचे अर्थ
खंदक – किल्ल्याबाहेरचा खोल, लांब चर
कातळ – अखंड खडक
वेढा – किल्ल्याला फौजेने चारी बाजूंनी अडवणे
दिंडी – लहान दरवाजा (वारकऱ्यांची दिंडी वेगळी)

सांगा पाहू
१) धारूरला एकाच बाजूला खंदक का आहे?
२) बुरूज गोल का बांधतात?
३) तुमच्या गावात पावसाचे पाणी कुठे अडवले आहे?

– इयत्ता चौथी