जखमेलाही वाफसा लागतो



उसाची टिपरी कोरड्या रानात वाळते, दलदलीत कुजते. वाफशावर मात्र तिचा डोळा फुटतो. जखमेचेही तसेच आहे. "उघडी ठेवा, वाळू द्या" असे आपण म्हणतो. पण नवी कातडी ओलाव्यावरून पुढे सरकते. कोरड्या खपलीखाली तिची वाट अडते.

हे ध्यानात घेऊन ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हायड्रोजेल पट्टी तयार केली. पॉलिव्हिनिल अल्कोहोल आणि अगर पाण्यात विरघळवून साच्यात ओततात, पाकिटात बंद करतात आणि त्यावर किरणांचा मारा करतात. सुटे धागे एकमेकांत गुंफून जाळे बनते, त्यात पाणी धरून राहते. त्याच वेळी जंतूही मरतात. एका पाळीत दोन कामे! भाजलेल्या व चिघळलेल्या जखमेवर ही पट्टी थंडावा देते आणि काढताना चिकटत नाही.

यासाठी वापरतात ते गॅमा किरण प्रकाशाचेच भाऊबंद, फक्त शक्तीने फार मोठे. मग पट्टी धोक्याची नाही का? नाही. दिवा विझल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसे पट्टीत किरण उरत नाहीत. ट्रॉम्बेच्या आयसोमेड केंद्रात 1974 पासून दवाखान्याचे साहित्य असेच निर्जंतुक होत आले आहे.

प्रकाशाने थेट उपचाराची कल्पनाही जुनी आहे. कातडीच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार केल्याबद्दल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना 1903 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज जुन्या जखमांवर तांबडा प्रकाश व सौम्य लेसर वापरून पाहतात. पण गुण सर्वांना सारखा येत नाही. म्हणून बाजारातला दिवा आणून घरी प्रयोग करू नका.

आता आपल्या घरचे. मधुमेह असलेल्याच्या पायाची जाणीव कमी होते. सरीत पाणी देताना उसाचे खोडके टोचले तरी कळत नाही. मग वर हळद, चुना, कधी डिझेलसुद्धा लावले जाते, आणि पाय कापण्याची पाळी येते. तेव्हा एवढे कराच:

1. अनवाणी रानात जाऊ नका.
2. रोज रात्री तळवे पाहा; दिसत नसतील तर घरच्यांना दाखवा.
3. जखम स्वच्छ पाण्याने धुवा, धनुर्वाताच्या सुईबद्दल विचारा.
4. पू, वास, काळेपणा किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कोणती पट्टी लावायची ते डॉक्टर ठरवतील.
5. साखर आटोक्यात ठेवा.

खोडकिडा पहिल्या पोंग्यातच ओळखावा, नाहीतर फड हातचा जातो. पायाचेही तेच आहे.

— ऊस विकास अधिकारी