जुन्या फोर-व्हीलमधला आवाज आणि पायाखालची धग कशी कमी करावी?

प्रश्न : आम्ही लोअर हटला राहतो. डोंगरात आणि नदीकाठी फिरायला एक जुनी डिझेल फोर-व्हील ड्राइव्ह घेतली आहे. हायवेवर 100 च्या वेगाला मागे बसलेल्या आईशी बोलायचे तर ओरडावे लागते. रेमुटाका घाट चढताना गिअरबॉक्सशेजारचा पाय भाजल्यासारखा होतो. संपूर्ण गाडीला आतून साउंडप्रूफिंगच्या शीट चिकटवून घ्याव्यात का?
— एक वाचक, लोअर हट (न्यूझीलंड)

उत्तर : संपूर्ण गाडीला शीट लावू नका. आवाज आणि उष्णता कोणत्या वाटेने आत येतात ते आधी शोधा. त्या दोन-तीन वाटा बंद केल्या की कमी पैशांत आणि कमी वजनात बहुतेक काम होते.

तुमच्याकडचा रस्ता हेच आवाजाचे पहिले कारण आहे. न्यूझीलंडमधले बहुतेक पक्के रस्ते चिप सीलचे असतात, म्हणजे डांबराचा फवारा मारून त्यावर खडी पसरतात आणि रोलर फिरवतात. हा रस्ता स्वस्त पडतो आणि पावसात चांगली पकड देतो, पण खडी जितकी जाड तितका टायर जास्त गुरगुरतो. साधारण 50 च्या पुढे इंजिनपेक्षा टायरचाच आवाज वरचढ होऊ लागतो. त्यामुळे गाडीला चिखलाचे मोठ्या गट्ट्यांचे टायर असतील, तर पुढच्या खेपेला ऑल-टेरेन टायर घ्या. कोणत्याही शीटपेक्षा या एका बदलाने जास्त फरक पडतो. वाळूत किंवा खडकाळ वाटेवर हवा कमी केली असेल, तर डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी ती पुन्हा भरा.

दुसरे कारण फटी. दारांचे रबर जुने होऊन चपटे झालेले असते. गिअर आणि ट्रान्स्फर लिव्हरच्या तळाचे रबरी बूट फाटलेले असतात. गाडीच्या जमिनीतल्या भोकांची बुचे हरवलेली असतात. एखाद्या भिंतीच्या क्षेत्रफळाचा फक्त 1 टक्का भाग उघडा राहिला, तर ती भिंत कितीही जाड असली तरी आवाज 20 डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही. याची चाचणी सोपी आहे. दारांच्या कडांवर बाहेरून मास्किंग टेप लावा, मदतनीसाला बाजूला बसवा आणि नेहमीच्या रस्त्यावर नेहमीच्या वेगाने जाऊन या. आवाज उतरला तर खर्च नव्या रबरावर करा. डेसिबल मोजायला फोनमधले ॲप तुलनेपुरते चालते. 3 डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो, 10 डेसिबल उतरले की आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो.

फटी बुजवल्यावर शीटकडे वळा. शीट तीन प्रकारच्या असतात आणि तिघींची कामे वेगळी आहेत. ॲल्युमिनियमचा थर असलेली ब्युटाइल रबराची शीट पत्र्याची थरथर मारते. वाजत्या थाळीवर बोट टेकवले की ती गप्प होते, तेच काम ही शीट करते. म्हणूनच पत्रा पूर्ण झाकण्याची गरज नसते. सपाट पत्र्याच्या मधल्या भागात, एकूण क्षेत्रफळाच्या 25 ते 50 टक्के शीट पुरते. दुसरा प्रकार जड विनाइलचा. चौरस मीटरला सुमारे 5 किलो वजनाचा हा थर हवेतून येणारा आवाज अडवतो. तो जमिनीवर आणि इंजिनमागच्या भिंतीवर सलग अंथरायचा असतो, तुकड्यांनी त्याचा उपयोग होत नाही. तिसरा प्रकार बंद छिद्रांच्या फोमचा. तो विनाइलच्या खाली घातला की विनाइल पत्र्यापासून सुटे राहते आणि उष्णताही अडते.

आता धग. विदर्भात 45 अंशांच्या उन्हात गाडी मुख्यतः छपरातून आणि काचांतून तापते. लँड रोव्हरने आपल्या जुन्या गाड्यांना दुहेरी ‘ट्रॉपिकल’ छप्पर दिले होते ते अशा मुलखांसाठीच. दोन पत्र्यांमध्ये हवा खेळती राहिली की उन्हाची झळ खालच्या पत्र्याला कमी पोचते. लोअर हटमध्ये उन्हाळ्यातही दुपारचे सरासरी तापमान 20 अंशांच्या आसपास असते. तुमची धग खालून येते : गिअरबॉक्स, एक्झॉस्ट आणि इंजिनमागची भिंत. हट खोऱ्यातून फेदरस्टनकडे जाताना रेमुटाकाचा माथा 555 मीटरवर आहे. त्या चढात इंजिनावर ताण येतो, एक्झॉस्ट तापतो आणि पाय भाजतो.

त्यासाठी एक्झॉस्टवरचे मूळ हीट शील्ड जागेवर आहे का ते प्रथम पाहा. चकचकीत फॉइल उष्णतेचे प्रारण परतवते, पण तिच्यासमोर सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर मोकळी हवा असेल तरच. कार्पेटखाली दाबून बसवलेली फॉइल जवळजवळ निरुपयोगी असते. म्हणून शील्ड बाहेरच्या बाजूला, पाइप आणि गाडीचा तळ यांच्यामध्ये बसवा आणि आतल्या बाजूला फोम घाला. गाडीत धुराचा वास येत असेल तर बाकी सारे थांबवून एक्झॉस्टची गळती आधी दुरुस्त करून घ्या. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो.

काचांना फिल्म लावायची असेल तर न्यूझीलंडमध्ये पुढच्या दारांच्या काचांतून फिल्मसह किमान 35 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. भारतातल्या वाचकांनी लक्षात ठेवावे की सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये काचेवर काळी फिल्म चिकटवायला मनाई केली आहे.

तुमच्या भागासाठी सर्वात महत्त्वाची सूचना पाण्याची. पेटोनीच्या किनाऱ्यावरचा खारा वारा, पाऊस आणि नदी ओलांडणे यांमुळे कार्पेटखाली ओल राहते. ज्यूटचे नमदे आणि उघड्या छिद्रांचा फोम ती धरून ठेवतात, पत्रा आतून गंजतो आणि वॉरंट ऑफ फिटनेसच्या तपासणीत गाडी अडकते. शीट लावण्याआधी गंज खरवडून प्राइमर मारा. दारांच्या तळाची आणि जमिनीतली पाणी वाहून जाण्याची भोके कधीही बुजवू नका. घराच्या छपरावर टाकायची डांबरी पट्टी स्वस्त मिळते म्हणून आणू नका, ती गरम होऊन घसरते आणि वास मारते. माल घेताना आयएसओ 3795 या ज्वलनशीलतेच्या चाचणीत उतरलेला आहे का ते विचारा. वायरिंगचे जोड, एअरबॅगचे सेन्सर आणि फ्यूजबॉक्स मोकळे ठेवा. काम जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे तुमच्याकडच्या उन्हाळ्यात करा, कारण थंड पत्र्यावर ब्युटाइल नीट चिकटत नाही.

क्रम असा ठेवा : आधी टायर आणि रबर, मग एक्झॉस्टचे शील्ड, मग जमीन आणि इंजिनमागची भिंत, शेवटी दारे. छपराला हात लावण्याची वेळ बहुधा येणार नाही. प्रत्येक टप्प्यानंतर त्याच रस्त्यावर गाडी चालवून पाहा आणि आईंशी साध्या आवाजात बोलता येऊ लागले की पुढचा खर्च थांबवा.