पोलिसांचा वेग आणि वाटसरूचा हक्क

पोलिसांकडून समाज दोन गोष्टींची अपेक्षा करतो. गुन्हेगार निसटू नये ही पहिली, आणि रस्त्याने जाणारा निरपराध माणूस सुखरूप घरी पोहोचावा ही दुसरी. एरवी या दोन अपेक्षांत विरोध नसतो. परंतु पोलिसांची गाडी जेव्हा एखाद्या पळणाऱ्या मोटारीच्या मागे भरधाव सुटते, तेव्हा त्या एकमेकींसमोर उभ्या राहतात. पाठलाग सोडला तर कायद्याचा धाक उरत नाही असे एक मत आहे. पाठलाग चालू ठेवला तर ज्यांच्यासाठी कायदा आहे त्यांच्याच जिवावर बेतते, असे दुसरे. जगातील अनेक देशांत या प्रश्नावर न्यायालयांत आणि विधिमंडळांत वाद झाले आहेत. प्रस्तुत प्रकरणात त्याचा विचार कोलकाता शहराच्या संदर्भात करावयाचा आहे.

कोलकाता निवडण्यास दोन कारणे आहेत. या शहराच्या एकूण क्षेत्रापैकी रस्त्यांखाली असलेली जमीन फार थोडी, साधारणपणे सहा-सात टक्के, सांगितली जाते. त्याच रस्त्यांवर बस, मोटारी, हातगाड्या, फेरीवाले आणि पायी चालणारे यांची दाटी असते. दुसरे कारण इतिहासातले आहे. सरकारी नोकरांच्या निष्काळजीपणामुळे रस्त्यावरील माणसाचे नुकसान झाले तर ते कोणी भरून द्यावे, या प्रश्नावरील भारतीय कायद्याचा पाया ज्या निकालाने घातला, तो निकाल याच शहरातला आहे.

वेगाचा हिशेब

प्रथम वेग म्हणजे काय ते आकड्यांत पाहू. समोर अडथळा दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. तेवढ्या काळात गाडी पहिल्याच वेगाने पुढे जात राहते. त्यानंतर ब्रेकचे काम सुरू होते. चांगल्या, कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एकंदर २० मीटरांत थांबते. ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे ३६ मीटर लागतात, आणि ताशी १०० किलोमीटर वेगाला ८० मीटरांहून अधिक.

आता असे समजा की मोटारीपासून ३० मीटरांवर एक माणूस रस्ता ओलांडावयास उतरला आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार त्याच्या अलीकडेच थांबेल. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार त्याच्यापर्यंत पोहोचेल तेव्हा तिचा वेग ताशी ३४ किलोमीटरांच्या आसपास उतरलेला असेल. तो जखमी होईल, पण वाचण्याची आशा राहील. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या मोटारीचा ब्रेक मात्र नुकताच लागत असेल, आणि ती त्याला जवळजवळ पूर्ण वेगाने धडकेल. चालक कितीही कुशल असला आणि त्याचा हेतू कितीही चांगला असला, तरी या हिशेबात फरक पडत नाही. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या सदरात झाली.

उलट बाजूने वेगाचा लाभ किती, तेही मोजून पाहावे. पाच किलोमीटरांचे अंतर ताशी ४० किलोमीटर वेगाने कापावयास साडेसात मिनिटे लागतात, आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने पाच मिनिटे. अडीच मिनिटांची ही बचत आग लागलेल्या घरासाठी किंवा प्राणांतिक जखमेसाठी मोलाची ठरू शकते. म्हणूनच पोलीस, अग्निशामक दल आणि रुग्णवाहिका यांना सर्वत्र काही सवलती दिल्या जातात.

धाव आणि पाठलाग

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. संकटात सापडलेल्या माणसाकडे पोलिसांनी धाव घेणे वेगळे आणि पळणाऱ्याचा पाठलाग करणे वेगळे. मदतीला धावणाऱ्या गाडीचे ठिकाण ठरलेले असते, मार्ग ठाऊक असतो आणि वेग किती ठेवावयाचा हे चालकाच्या हाती असते. त्यामुळे तिचा मार्ग आगाऊ मोकळा करता येतो. मे २०१८ मध्ये बेंगळुरूहून विमानाने आणलेले एक हृदय कोलकात्याच्या विमानतळापासून आनंदपूर येथील रुग्णालयापर्यंत पोलिसांनी असाच मार्ग मोकळा करून नेले, आणि ते एका रुग्णाच्या शरीरात बसवले गेले. चौकाचौकांत उभ्या असलेल्या पोलिसांनी आडवी वाहतूक थांबवली होती, म्हणून ती घाई सुरक्षित झाली.

पाठलागात यांपैकी काहीच नसते. ठिकाण ठरलेले नसते, मार्ग पळणारा निवडतो, आणि वेगही तोच ठरवतो. त्याने वेग वाढवला की पोलिसांना वाढवावा लागतो. तो उलट दिशेच्या रस्त्यात शिरला की पोलिसांनाही शिरावे लागते. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर किती धोका पत्करावयाचा, हा राज्याने घ्यावयाचा निर्णय ज्याला लोकांच्या जिवाची सर्वांत कमी पर्वा आहे त्याच्या हाती जातो. पाठलागाविषयीच्या वादाचे मर्म येथेच आहे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ११२व्या कलमात वेगमर्यादेचे बंधन आहे. त्या कलमातच दिलेली सूट लष्करी सरावात गुंतलेल्या वाहनांपुरती आहे. पोलिसांच्या गाडीचा तेथे उल्लेख नाही. रस्त्यावरील वर्तनासंबंधीच्या १९८९ च्या नियमांत इतर चालकांनी अग्निशामक वाहनाला आणि रुग्णवाहिकेला वाट द्यावी असे सांगितले होते. २०१७ साली नवे चालन-विनियम आले, त्यांत पोलिसांचे वाहनही अग्रक्रमाच्या वाहनांत आले. तातडीच्या कामावर असताना, दिवे आणि सायरन चालू ठेवून, योग्य ती काळजी घेऊन अशा वाहनाला वेगमर्यादा किंवा लाल दिवा ओलांडता येतो.

‘योग्य ती काळजी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सवलत वेगाची आहे, निष्काळजीपणाची नाही. मात्र पाठलाग केव्हा सुरू करावा, केव्हा सोडावा आणि तो निर्णय कोणी घ्यावा, याबद्दल हे विनियम काही सांगत नाहीत. प्राण वाचवण्यासाठी धावणाऱ्या गाडीला डोळ्यांसमोर ठेवून केलेला नियम पाठलागाला लावला जातो, आणि त्यातून गोंधळ उद्भवतो.

खिदिरपूरची घोडागाडी

आता नुकसानभरपाईच्या प्रश्नाकडे वळू. मोटारी येण्यापूर्वीची गोष्ट आहे. पेनिन्सुलर अँड ओरिएंटल या जहाज कंपनीची एक घोडागाडी गार्डन रीचकडून कलकत्त्याकडे येत होती. वाटेत खिदिरपूरच्या सरकारी गोदीजवळ मजूर लोखंडाचा एक अवजड भाग रस्त्याच्या मधून वाहून नेत होते. गाडी जवळ येताच त्यांनी तो खाली टाकला. त्या आवाजाने घोडे बिथरले आणि एक घोडा जखमी झाला. कंपनीने सरकारकडे ३५० रुपये मागितले. लघुवाद न्यायालयाने कायद्याचा प्रश्न कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाकडे सोपवला, आणि १८६१ मध्ये सरन्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी सरकार जबाबदार असल्याचा निर्णय दिला. खासगी मालक ज्या प्रकारचा उद्योग करू शकतो तसा उद्योग सरकार करीत असेल, तर नोकराच्या चुकीबद्दल ते खासगी मालकासारखेच उत्तरदायी आहे. सार्वभौम अधिकार वापरताना घडलेल्या कृत्याची गोष्ट निराळी, असा भेद त्यांनी केला. कलकत्त्याचा हा निकाल छापला गेला तो मुंबई हायकोर्टाच्या निकालसंग्रहाच्या पाचव्या खंडाच्या परिशिष्टात.

शंभर वर्षांनंतर, १९६२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे राजस्थानातील खटला आला. उदयपूर येथे एक सरकारी जीप दुरुस्तीनंतर परत आणली जात असताना चालकाच्या निष्काळजीपणामुळे एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला होता. न्यायालयाने राज्याला भरपाई देण्यास लावले. परंतु १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या कस्तुरीलाल प्रकरणाच्या निकालाने काटा उलट फिरवला. मेरठच्या पोलिसांनी जप्त केलेले सोने एका हवालदाराने पळवले होते. अटक आणि जप्ती हे सार्वभौम अधिकार असल्याने राज्य जबाबदार नाही, असे ठरले. हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांना कायद्याची ही स्थिती समाधानकारक वाटली नव्हती. विधिमंडळाने या बाबतीत कायदा करावा असे त्यांनी त्याच निकालात सुचवले. विधी आयोगाने १९५६ च्या आपल्या पहिल्याच अहवालात हा विषय हाताळला होता. लोकसभेत विधेयकही आले. ते कायद्यात उतरले नाही.

पुढे १९९४ मध्ये नागेंद्र राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या भेदाची व्याप्ती पुष्कळ कमी केली. तथापि कायदा व सुव्यवस्था राखणे आणि गुन्ह्यांना आळा घालणे ही राज्याची मूलभूत कार्ये त्या निकालातही वेगळी ठेवली गेली. पळत्या गुन्हेगाराचा पाठलाग नेमका याच कार्यांत मोडतो. सरकारी कामासाठी वापरल्या जाणाऱ्या सरकारी वाहनांना सक्तीच्या विम्यातूनही सूट आहे. मोटार अपघात न्यायाधिकरणाचे दार जखमी वाटसरूला उघडे आहे खरे; पण सार्वभौम कार्याचा बचाव पुढे आला, तर त्याला आपल्या साध्या मागणीसाठी राज्यघटनेच्या ३००व्या अनुच्छेदापर्यंतचा वाद लढावा लागतो. आणि धडक पळणाऱ्या मोटारीची असली व ती मोटार सापडली नाही, तर त्याच्या वाट्याला येते ती अज्ञात वाहनाच्या अपघातासाठी ठरवलेली रक्कम. १ एप्रिल २०२२ पासून ती मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये आहे.

इतर देशांचा अनुभव

इंग्लंडमध्ये पोलिसांना वेगमर्यादेतून कायद्यानेच सूट आहे. परंतु १९५९ च्या एका खटल्यात, वेगमर्यादा ओलांडून जाणाऱ्या पोलीस मोटारसायकलची धडक एका पादचारी स्त्रीला बसली तेव्हा, रस्त्यावरील इतरांविषयीचे काळजीचे कर्तव्य पोलिसालाही सामान्य चालकाइतकेच लागू आहे, असे न्यायालयाने म्हटले. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाचा कल निराळा दिसतो. पाठलागात मृत्यू घडला तरी, पोलिसांचा हेतूच इजा करण्याचा असल्याखेरीज घटनात्मक हक्काचा भंग होत नाही, असे १९९८ मध्ये ठरले. २००७ मध्ये पळणाऱ्या मोटारीला धक्का देऊन थांबवण्याची कृतीही वैध मानली गेली. तरीसुद्धा तेथील अनेक शहरांच्या पोलिसांनी आपणहून पाठलाग हिंसक गुन्ह्यांपुरता मर्यादित केला आहे.

भारतातील पाठलाग पुष्कळदा याहून किरकोळ कारणासाठी होतो. ७ मार्च २०१८ रोजी तिरुचिरापल्लीजवळ हेल्मेट न घातलेल्या मोटारसायकलस्वाराचा पोलीस निरीक्षकाने पाठलाग केला. मागे बसलेल्या त्याच्या पत्नीचा खाली पडून मृत्यू झाला, आणि हजारो लोक रस्त्यावर उतरले. नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने हेल्मेटच्या नियमासाठी स्वारांचा पाठलाग न करता कॅमेऱ्यासारखी साधने वापरावीत असे सांगितले. ज्या नियमाचा हेतू डोके वाचवणे हा आहे, त्याच्या अंमलबजावणीत जीव जावा, यासारखी विसंगती नाही.

पाठलागाशिवाय पकडणे

पाठलाग सोडणे म्हणजे गुन्हेगार सोडणे, ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. १३ जानेवारी २०१६ च्या पहाटे कोलकात्याच्या रेड रोडवर प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची तालीम चालू असता एक मोटार अडथळे तोडून आत घुसली आणि वायुसेनेच्या एका तरुण कॉर्पोरलचा बळी गेला. मोटार लवकरच टाकून दिलेल्या स्थितीत सापडली, आणि काही दिवसांतच संशयित चालकाला अटक झाली. ती अटक शांतपणे केलेल्या तपासाने झाली. गाडीचा क्रमांक, मालकाचे नाव, चौकातील कॅमेरा आणि बिनतारी संदेश यांच्यापुढे कोणतेही इंजिन फार काळ टिकत नाही.

अर्थात सर्वच प्रसंग असे नसतात. अपहरण झालेले मूल मोटारीत असेल, किंवा पळणारा वाटेत गोळ्या झाडत असेल, तर पाठलाग न करणे हाच मोठा धोका ठरेल. म्हणून सरसकट बंदीने प्रश्न सुटत नाही; त्याला लेखी नियमाची गरज आहे. अशा नियमात काही गोष्टी असावयास हव्यात. पहिली, एखाद्याच्या जिवाला तत्काळ धोका असल्याखेरीज पाठलाग होऊ नये. दुसरी, तो चालू ठेवण्याचा किंवा सोडण्याचा निर्णय चाकामागे बसलेल्या, रक्त तापलेल्या शिपायाने न घेता लालबाजारच्या नियंत्रण कक्षातील जबाबदार अधिकाऱ्याने घ्यावा. तिसरी, पळणाऱ्याची ओळख पटली की पाठलाग थांबावा. चौथी, प्रत्येक पाठलागाची नोंद होऊन ती वर्षाअखेर लोकांपुढे यावी. आणि पाचवी, पाठलागात जखमी झालेल्या त्रयस्थाला सार्वभौम अधिकाराचा बचाव पुढे न करता राज्याने भरपाई द्यावी.

यांतील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पाठलागाचा लाभ सर्व समाजाला होत असेल, तर त्याची किंमतही सर्व समाजाने वाटून घ्यावी हे न्यायाला धरून आहे. ती किंमत योगायोगाने त्या क्षणी रस्ता ओलांडणाऱ्या एकाच माणसावर लादणे अन्यायाचे आहे. शिवाय भरपाईचा बोजा तिजोरीवर पडू लागला, की पाठलागाची आज्ञा देताना अधिकारीही दोनदा विचार करतील. खिदिरपूरच्या रस्त्यावर एका घोड्याला दुखापत झाली, तेव्हा कलकत्त्याच्या न्यायालयाने सरकारला साडेतीनशे रुपयांसाठी उत्तरदायी ठरवले. त्याच शहराच्या रस्त्यावर आज पायी चालणाऱ्या माणसाला त्या घोड्याच्या मालकाहून कमी संरक्षण असू नये, एवढीच ही मागणी आहे.