ग्रामविधी, जातिव्यवस्था आणि सामाजिक उन्नती

जुन्या गावगाड्यात सण हा केवळ धार्मिक सोहळा नव्हता. प्रत्येक जातीचे स्थान सर्वांसमक्ष पक्के करण्याचे ते एक साधन होते. संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या काटोल परिसरातही पोळा साजरा होतो. पोळ्याला मानाची बैलजोडी प्रथम पाटलाची असे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होळीचा विस्तव महारवाड्यातून आणीत. मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेण्याचे कामही महारांकडेच असे. ज्याच्या घरच्या विस्तवाला मान, त्यालाच देवळाची पायरी वर्ज्य होती. मान आणि अवहेलना ही एकाच विधीची दोन अंगे होती.

कनिष्ठ मानलेली जात वरिष्ठांचे आचार व उपासना स्वीकारून वर चढू पाहते, या प्रक्रियेला समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी ‘संस्कृतीकरण’ असे नाव दिले. नागपूर जिल्ह्याचा इतिहास मात्र आणखी दोन मार्ग दाखवितो.

काटोलच्या शेजारी, कळमेश्वर तालुक्यातील मोहपा येथे १८७९ मध्ये किसन फागुजी बनसोड यांचा जन्म झाला. त्यांनी संत चोखामेळ्याचा वारसा अभिमानाने पुढे ठेवला आणि १९०७ मध्ये नागपुरात मुलींची शाळा काढली. भक्तिपरंपरेत राहून शिक्षणाद्वारे समाजाची उन्नती साधणे, हा त्यांचा मार्ग होता. बलुत्यावर जगणाऱ्याला परंपरागत काम नाकारणे परवडत नसे. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांतील रोख मजुरीने हे परावलंबन सैल केले, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरा मार्ग १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात खुला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला व बावीस प्रतिज्ञा दिल्या. येथे वरिष्ठांच्या विधींचे अनुकरण नव्हते. जुन्या विधींतील वाटाच नाकारण्यात आला. त्याची जागा बुद्धवंदनेने व आंबेडकर जयंतीने घेतली. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या सणांत राबणूक केली, तो आपल्या सोहळ्याचा स्वतः यजमान झाला.

असा नकार गावाला सहजी मानवत नाही, म्हणून कायद्याचे संरक्षण आवश्यक ठरते. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमात १९७६ मध्ये सुधारणा होऊन, अस्पृश्यतेच्या कारणावरून मृत जनावरे ओढण्यासारख्या कामांची सक्ती करणे दंडनीय ठरले. यात्रा वा उत्सव समितीत कामांची वाटणी करताना ग्रामपंचायतींनी एक प्रश्न अवश्य विचारावा : हे काम त्या व्यक्तीने स्वेच्छेने पत्करले आहे, की केवळ जातीमुळे तिच्याकडे आले आहे? शिक्षकांनीही सणांची माहिती देताना हा इतिहास विद्यार्थ्यांसमोर मांडावा. परंपरेत सहभागी होण्याइतकाच ती नाकारण्याचा अधिकारही नागरिकाला आहे.